'बाईंच्या सावलीत वाढलो' : शेड की शॅडो?

पारिजात

नमस्कार मंडळी. एका वाक्यापाशी चार दिवस अडले आहे, म्हणून हा धागा.

आमच्या शाळेतल्या संस्कृतच्या बाई येत्या मार्गशीर्षात पंचाहत्तर पूर्ण करतील. आम्ही माजी विद्यार्थिनी मिळून त्यांच्यासाठी गौरवअंक काढतोय. बाईंची नातवंडं कॅनडात वाढली, त्यांना मराठी बोलता येतं पण वाचता येत नाही. म्हणून प्रत्येक लेखासोबत त्याचं इंग्रजी भाषांतर द्यायचं ठरलं आणि ते काम माझ्याकडे आलं.

एका मैत्रिणीच्या लेखाचं पहिलंच वाक्य आहे : 'आम्ही सगळ्या बाईंच्या सावलीत वाढलो.' मी इंग्रजीत लिहिलं, 'वुई ऑल ग्र्यू अप इन हर शॅडो.' मसुदा बाईंच्या नातीला वाचायला पाठवला. रात्री तिचा फोन आला. आवाज जरा उतरलेला होता. म्हणाली, "मावशी, आजी तुम्हाला पुढे येऊ देत नव्हती का?"

मला कळेचना, ही असं का विचारतेय. मग तिने सांगितलं की इंग्रजीत कुणाच्या शॅडोमध्ये वाढणं म्हणजे त्या माणसाच्या मोठेपणापुढे झाकोळून जाणं. थोरला भाऊ हुशार निघाला की धाकट्याकडे कुणाचं लक्ष जात नाही, तसं. आमच्या वाक्यात जी माया होती तिची तिकडे जाईपर्यंत तक्रार झाली होती.

शॅडो खोडून शेड लिहिलं तर 'ग्र्यू अप इन हर शेड' असं होतं, आणि त्यावर ती म्हणाली, "हे कुंडीतल्या रोपाबद्दल वाटतंय." कोश उघडला तर दोन्ही शब्दांपुढे पहिला अर्थ 'सावली' आणि दुसरा 'छाया'. तिथेच गाडी थांबली.

या दोन शब्दांत नेमका फरक काय, हे मला नीट समजून घ्यायचंय. आणि आपल्या एका सावलीत हे दोन्ही अर्थ सुखाने कसे नांदतात, तेही.

रेषारंग

पारिजातताई, मी चित्रकलेचा शिक्षक. आमच्या वर्गात हा फरक रोज समोर असतो आणि त्यासाठी मराठी शब्दही आहे.

एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या मुलांना वस्तुचित्र शिकवताना मी टेबलावर पांढरी चादर टाकून त्यावर मातीचा घडा ठेवतो. उजेड डावीकडच्या खिडकीतून. मग घड्याची उजवी बाजू काळसर दिसते, ती छाया. आणि घड्यामुळे चादरीवर जो काळा आकार पडतो, ती पडछाया. वास्तुरचनेच्या अभ्यासक्रमात सायोग्राफी नावाचा भाग असतो, तिथेही हीच विभागणी आहे : वस्तूच्या स्वतःच्या अंगावरचा अंधार ती शेड, दुसऱ्या पृष्ठभागावर पडलेला अंधार ती शॅडो.

मुलं सुरुवातीला दोन्ही जागी सारखाच काळा रंग थापतात. मी त्यांना ब्रश खाली ठेवून पाच मिनिटं नुसतं बघायला लावतो. घड्याची काळी बाजू कडेपर्यंत काळी होत जात नाही. अगदी कडेला ती पुन्हा किंचित उजळते, कारण चादरीवरचा उजेड खालून घड्यावर परततो. आणि पडछाया घड्याच्या बुडाशी गडद, रेखीव असते. लांब जाईल तशी तिची कड विरघळत जाते. एकदा हे डोळ्यांना दिसलं की मूल आयुष्यात पुन्हा घडा सपाट काढत नाही.

तेव्हा माझं मत असं, की शॅडोला पडछाया म्हणा. तिला आकार असतो, कड असते.

पारिजात

रेषारंग, घडा डोळ्यांसमोर उभा राहिला. पण 'बाईंच्या पडछायेत वाढलो' असं कसं म्हणू? शिवाय झाडाखालची सावली तुमच्या व्याख्येत कुठे बसते? ती जमिनीवर पडते, म्हणजे पडछायाच झाली. तरी इंग्रज तिला शेड म्हणतो.

रेषारंग

बरोबर आहे. चित्रकलेतला अर्थ आणि बोलण्यातला अर्थ इथे वेगळे होतात. याचं उत्तर दुसऱ्या कुणी द्यावं.

खगोलवेडा

मी देतो. हा प्रश्न मला एका नऊ वर्षांच्या मुलाने विचारला होता.

आपला अख्खा महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे, त्यामुळे इथे प्रत्येक गावात वर्षातून दोनदा सूर्य भर माध्यान्ही बरोबर डोक्यावर येतो. पुण्यात मे महिन्याच्या १३-१४ तारखेला, मुंबईत त्यानंतर एक-दोन दिवसांनी, नागपुरात २६ मेच्या आसपास. दुसरी वेळ जुलै-ऑगस्टात येते, पण तेव्हा आभाळ भरलेलं असतं, ती बहुतेकदा हुकते. यालाच शून्य सावली दिवस म्हणतात.

आमच्या सोसायटीत दर मे महिन्यात मुलांना गोळा करतो. पाण्याचा एक प्लॅस्टिकचा पाइप ओळंबा लावून सरळ उभा करतो, शेजारी पाण्याची बाटली, एखादी बरणी. बारा वाजल्यापासून पाइपची सावली आखडत जाते. पुण्यात साडेबाराच्या सुमारास ती पाइपच्या बुडात शिरते आणि दिसेनाशी होते. मुलं ओरडतात, "गेली! सावली गेली!"

त्या दिवशी ऊन असं होतं की मी सगळ्यांना कडुनिंबाखाली ओढलं होतं आणि पाइप समोर उन्हात उभा होता. तो मुलगा वर बघत म्हणाला, "काका, सावली गेली तर आपण सावलीत कसे?"

मी गप्प झालो. पाइपची गेली ती शॅडो होती. पाइपने सूर्य अडवून जमिनीवर काढलेली त्याची आकृती. सूर्य डोक्यावर आला, आकृती पायाखाली गेली. आम्ही बसलो होतो ती शेड. ऊन अडल्यामुळे तयार झालेली गार जागा. ती तर त्या क्षणी बरोबर झाडाखाली, घेरभर पसरलेली होती.

मराठीत आपण हा फरक नामाने दाखवत नाही, क्रियापदाने दाखवतो. सावली *पडते*, *लांबते*, *आखडते*, *मागे येते* : ही शॅडो. सावली*त* बसतो, सावली*ला* थांबतो, गाडी सावली*ला* लावतो : ही शेड. जिथे आपण 'त' किंवा 'ला' लावून आत शिरू शकतो, ती शेड. मला आजवर हा नियम पुरला आहे.

शब्दकुतूहल

खगोलवेडा, सुंदर. यात थोडी भर घालतो, कारण या दोन शब्दांचा जन्म फार गोड आहे.

जुन्या इंग्रजीत हा शब्द एकच होता. त्या भाषेत आपल्यासारख्याच विभक्ती होत्या. शब्द कर्ता म्हणून आला की एक रूप, इतर विभक्तींत आला की दुसरं, आणि त्या दुसऱ्या रूपात शेवटी व यायचा. पुढे विभक्ती झिजून गेल्या, पण ही दोन रूपं मागे राहिली. पहिल्याचं झालं शेड, दुसऱ्याचं शॅडो. आपल्याकडे 'घोडा' आणि 'घोड्याला'मधलं 'घोड्या' हे पुढे दोन वेगळे शब्द म्हणून जगू लागावेत, तसं. कुरण या अर्थाचे मीड आणि मेडो हे शब्दही याच वाटेने दोन झाले.

पत्र्याची शेड, गोठ्याची शेड म्हणतो तो इंग्रजी शब्द वेगळ्या स्पेलिंगचा आहे, पण कोशकार तोही बहुधा याच शेडचा फाटा असावा असं मानतात. मराठीत आल्यावर दोघांचा उच्चार एक झाला. साडीच्या दुकानात 'यातली फिकी शेड दाखवा' आणि गावाकडे 'म्हशी शेडमध्ये बांध'.

आपली 'छाया' मात्र या कुळातली नाही. तिची बहीण ग्रीकमधली 'स्किया'. रेषारंगांची सायोग्राफी त्या स्कियापासून आली. खारीचं इंग्रजी नावही तिथूनच आलंय, ग्रीकांनी तिला 'सावली-शेपटी' म्हटलं होतं. शेपूट पाठीवर धरून बसलेली खार पाहिली की हे नाव ठेवणाऱ्याची नजर कळते.

दर्याकिनारी

मी वसईची, मराठी बोलणाऱ्या ख्रिस्ती घरातली. पारिजात, तुमचं वाक्य चारशे वर्षांपूर्वी लिहिलं असतं तर बाईंच्या नातीला खटकलं नसतं. १६११ साली छापलेल्या इंग्रजी बायबलमध्ये स्तोत्रांत देवाच्या पंखांची शॅडो आहे, सर्वसमर्थाची शॅडो आहे, आणि दोन्ही ठिकाणी अर्थ आसरा हाच. त्याच स्तोत्रांत मृत्यूच्या छायेची दरीही शॅडोच आहे. म्हणजे तेव्हा तो शब्द आपल्या सावलीइतकाच मोठा होता. आसऱ्याची बाजू पुढे बोलण्यातून गळत गेली.

वऱ्हाडपांडे

आमच्याकडे चंद्रपूर-अकोल्यात पारा ४५-४६ला जातो तेव्हा बातम्यांत जो आकडा येतो तो शेडमधला असतो, एवढं नोंदवतो. वेधशाळेत पांढऱ्या रंगाची, झडपांची लाकडी पेटी असते, स्टीव्हन्सन स्क्रीन. तापमापी तिच्या आत टांगलेले, हवा खेळती, ऊन नाही. ४६ हा त्या सावलीचा आकडा. ज्याला डांबरी रस्त्यावर काम आहे त्याच्या अंगाला लागणारं ऊन त्या आकड्यात नसतंच. सावली ही चैन नव्हे, हे आमच्याकडच्या मे महिन्यात कुणालाही सांगावं लागत नाही.

माणदेशी

धागा दोनदा वाचला. मी भूगोल शिकवतो आणि घरची मेंढरं आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी बोलतो.

पुस्तकात 'पर्जन्यछायेचा प्रदेश' हा शब्द आहे, इंग्रजी 'रेन शॅडो'वरून आलेला. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. तिथून घाट उतरून बत्तीस-तेहतीस किलोमीटरवर वाईला यावं तर हजाराच्या आत. आणखी पूर्वेला आमच्या माणदेशात पाचशेच्या आसपास, तोही भरवशाचा नाही. ढग सह्याद्री चढताना आपलं ओझं पश्चिमेला रिकामं करतात आणि पलीकडे उतरताना हवा तापून कोरडी होते. इंग्रजीने याला शेड म्हटलं नाही, शॅडो म्हटलं. सह्याद्रीने अडवलं आणि आमच्या वाट्याला त्याची आकृती आली. वर्गात मुलं मला विचारतात, "सर, आपण छायेत आहोत तर मग एवढं ऊन का?" पाठ्यपुस्तकातल्या त्या एका शब्दाने गोंधळलेली कितीतरी मुलं मी पाहिली आहेत.

आता मेंढरांचं. वैशाखात माळावर झाड नसतं. असलंच तर बाभूळ, तिची सावली चाळणीतून पडल्यासारखी. दुपारी बारानंतर मेंढरं चरायची थांबतात आणि एकमेकांना खेटून गोल उभी राहतात. प्रत्येकीचं डोकं शेजारणीच्या पोटाखाली. पाठ उन्हात, डोकं गारव्यात. लांबून पाहिलं तर लोकरीचा एक मोठा ढीग, एकही डोकं दिसत नाही. मेंढका काठी टेकवून घोंगडं डोक्यावर घेऊन उभा असतो आणि त्याच्या पायाशी कुत्रं, त्याच्याच सावलीत.

मी लहानपणापासून हे बघतोय, पण खगोलवेडांचं वाचून आज पहिल्यांदा लक्षात आलं. जमिनीवरचा तो काळा तुकडा एकच आहे. जिच्या अंगाचा तो पडलाय तिच्याकडून पाहिलं तर शॅडो. जिने डोकं आत घातलंय तिच्याकडून पाहिलं तर शेड. शॅडो पाडणाऱ्याची असते, शेड बसणाऱ्याची. इंग्रज आधी ठरवतो की कुणाच्या बाजूने बोलायचं, आणि मग शब्द उचलतो. आपण सावली म्हणतो आणि दोघींना एका शब्दात ठेवतो.

पारिजातताई, तुमच्या वाक्यात गडबड इथे झाली असं मला वाटतं. 'बाईंची सावली' म्हणताना मराठीत आपण बाईंकडेही बघतो आणि आपल्या गारव्याकडेही. 'हर शॅडो' म्हटलं की फक्त बाई दिसतात, मोठ्या, उंच. तुम्ही त्या काळ्या आकारात हरवलेल्या.

पारिजात

माणदेशीदादा, हे वाचून बराच वेळ काहीच टाइप करू शकले नाही. पाडणाऱ्याची आणि बसणाऱ्याची. हेच मला सांगता येत नव्हतं.

अक्षरवाट

माणदेशींच्या म्हणण्याला धरून एक गोष्ट इथे यायलाच हवी. सावली पाडणाऱ्याच्या मालकीची असते, हे आपल्या समाजाने फार क्रूर रीतीने मानलेलं आहे.

समाजशास्त्रज्ञ घुर्ये यांच्या जातिव्यवस्थेवरच्या ग्रंथात नोंद आहे : पेशवाईत महार-मांगांना दुपारी तीननंतर आणि सकाळी नऊच्या आधी पुण्याच्या वेशीच्या आत येऊ देत नसत, कारण त्या वेळी माणसाची सावली लांब पडते आणि ती वरच्या जातीच्या माणसावर पडली तर तो विटाळतो. बाबासाहेबांनीही १९३६च्या आपल्या न झालेल्या भाषणात ('अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट') पेशवाईतल्या या सावलीच्या विटाळाबद्दल लिहिलंय. सूर्याच्या कलण्यावर माणसाचा गावातला प्रवेश ठरायचा. खगोलवेडा ज्या मोजमापाने मुलांना आनंद देतात, तेच मोजमाप.

आमच्या आजोबांच्या बोलण्यात 'सावली' हा शब्द दोन प्रकारे यायचा. एक, 'त्यांना आमची सावली चालत नव्हती.' आणि दुसरं, शेताच्या बांधावर त्यांच्या वडिलांनी लावलेल्या आंब्याबद्दल : 'त्याच्या सावलीला कुणीही बसावं.' शब्द तोच. इंग्रजीत पहिली शॅडो आणि दुसरी शेड होईल, आणि भाषांतर बरोबरच असेल. पण दोन्ही वाक्यं एकाच शब्दाने बोलणारा माणूस दुसऱ्या वाक्यात काय सांगत होता, ते मराठीतच पुरतं पोचतं.

दर्याकिनारी

अक्षरवाट, हे लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. आजोबांचं दुसरं वाक्य मी वहीत उतरवून घेतलंय.

सदाफुली

मी वीस वर्षं इंग्लंडमध्ये राहते, शाळेत काम करते. पारिजात, 'शेड' वापरताना एक सांभाळा. आताची मुलं 'थ्रो शेड' म्हणतात तेव्हा अर्थ असतो आडून टोमणा मारणं. न्यूयॉर्कमधल्या कृष्णवर्णीय आणि लॅटिनो समलिंगी-तृतीयपंथी लोकांच्या नाचाच्या स्पर्धांमधून ही बोली आली, आता ती कोशातही आहे. बाईंची नात विशी-बाविशीची असेल तर तिच्या कानाला तो अर्थ आधी येईल. क्रियापद जपून निवडा.

आणि आपली मराठी सावली नेहमीच गोड असते असंही मला वाटत नाही. वडाच्या झाडाखाली दुसरं झाड वाढत नाही, असं आपणच म्हणतो. फक्त तो अर्थ बोलायचा असला की आपण बहुतेकदा सावली सोडून सावट हा शब्द घेतो. दुष्काळाचं सावट, संशयाचं सावट, झाडाच्या सावटाखालचं खुरटलेलं पीक. इंग्रजीच्या शॅडोमधला जो वाईट भाग आहे तो आपण सावटाकडे देऊन टाकलाय, म्हणून सावलीत एवढी माया उरली असावी.

खगोलवेडा

सदाफुली, सावटाचा मुद्दा अगदी पटला. पंचांगवाले चंद्र पृथ्वीच्या विरळ छायेतून जातो त्या ग्रहणाला छायाकल्प म्हणतात, दाट छायेला प्रच्छाया. ग्रहणाच्या संदर्भात 'सावली' हा शब्द बहुतेकदा सोपं करून समजावताना येतो. सावली घरातला शब्द आहे.

पारिजात

मंडळी, वाक्य मिळालं. आणि ते बाईंनीच दिलेलं निघालं.

माणदेशींचं 'शेड बसणाऱ्याची' डोक्यात घोळत होतं. काल स्वयंपाक करताना अचानक आठवीचा वर्ग आठवला. बाईंचं अक्षर मोठं, फळ्याच्या डाव्या कोपऱ्यापासून सुरू होणारं. त्या दिवशी त्यांनी सुभाषित लिहिलं होतं :

*छायामन्यस्य कुर्वन्ति तिष्ठन्ति स्वयमातपे ।*
*फलान्यपि परार्थाय वृक्षाः सत्पुरुषा इव ॥*

झाडं दुसऱ्यासाठी सावली करतात आणि स्वतः उन्हात उभी राहतात. बाईंनी 'अन्यस्य'खाली खडूने रेघ ओढली होती आणि विचारलं होतं, "षष्ठी आहे. सावली कुणाची?" आम्ही सगळ्या एकसुरात, "झाडाची!" बाई नुसत्या मान हलवत राहिल्या आणि खडूने त्या रेघेवर टकटक करत राहिल्या. शेवटी मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, "दुसऱ्याची." त्या दिवशी मला व्याकरण कळलं होतं. बाकीचं कळायला हा धागा लागला.

मैत्रिणीची परवानगी घेऊन वाक्य असं केलंय : 'शी गेव्ह अस शेड, अँड स्टूड ऑल डे इन द सन हरसेल्फ.' सदाफुली, 'थ्रो' नाही, 'गिव्ह'. नातीला पाठवलं. तिने विचारलं, शाळेत खरंच झाड होतं का. होतं, कडुनिंबाचं, मधल्या सुट्टीत आम्ही डबा तिथेच खायचो. आता तिला त्या झाडाचा फोटो हवाय. माझ्याकडे नाही, कुणाकडेच नाही.

रेषारंग, एक विनंती. मुखपृष्ठासाठी तो कडुनिंब काढून द्याल का? मी वर्णन लिहून पाठवते, पार कसा होता, फांदी कुठल्या बाजूला वाकलेली होती ते सगळं.

रेषारंग

जरूर काढतो. वर्णन पाठवा, आणि वेळ कोणती धरायची तेवढं सांगा. सकाळची धरली तर सावली अंगणभर लांब जाईल.

पारिजात

मधल्या सुट्टीची. दुपारचे साडेबारा. सावली झाडाखालीच हवी, आणि तिच्यात आठ-दहा मुलींना बसायला जागा.